त्या खोलीत राहतं कोण?

पडदेकाकूंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. खिडक्या राहतात. रस्त्यात कोणी हसून "काय काकू, ओळखलंत का?" असं विचारलं की त्या कसनुसं हसतात आणि मनातल्या मनात शोधाशोध सुरू करतात. पण तीच बाई पुढे म्हणाली, "अहो, आमच्या झोपायच्या खोलीला दुहेरी पडदे नव्हते का केलेत?" की काकूंचा चेहरा उजळतो. "हां हां, झडप आत उघडते ती! आणि डावीकडे खांब येतो. आता पडदा अडकत नाही ना?"

गावातल्या निम्म्या घरांत त्या गळ्यात मापाची टेप घालून जाऊन आल्या आहेत. लग्न झालं तेव्हा त्यांना फक्त साधी उलटी शिवण येत होती. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. त्या पगारात महिना सरायचा, पण पुढचा महिना सुरू व्हायचा नाही. मग शेजारणीचा एक पडदा शिवून दिला, तिच्या बहिणीचे दोन, आणि असं करत करत त्या पडदेकाकू झाल्या. चुण्या कशा घालायच्या, जड कापडाला अस्तर कुठलं लावायचं, दांडा चौकटीच्या किती वर घेतला म्हणजे बुटकी खिडकी उंच दिसते, हे सगळं त्या चुका करून शिकल्या. मुलीचं शिक्षण, तिचं लग्न, डोक्यावरचं छप्पर, सगळं या शिवणीवर उभं राहिलं. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

नवऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. बाहेरच्यांशी बोलताना काकूही 'आमचे मास्तर' म्हणतात, घरात नुसतं 'अहो'. निवृत्त झाल्यावर मास्तरांनी एका छापखान्यामागची पत्र्याची शेड भाड्याने घेतली. सकाळी डबा घेऊन जायचं, दिवेलागणीला परत यायचं. घरात चित्रं काढायची सोय नव्हती. कापडाचे तंतू सतत उडत असतात आणि ओल्या रंगावर बसले की निघत नाहीत. निदान मास्तरांनी कारण तरी तेच सांगितलं होतं, आणि काकूंनी ते मान्य केलं होतं.

चित्रं काय काढतात हे त्यांनी कधी खोदून विचारलं नाही. एखाद-दुसरं चित्र पाहण्यात आलं होतं. करडी भिंत, खिडकी, बस्स. आजकालची चित्रं अशीच असतात, असं समजून त्या गप्प बसल्या होत्या.

मग मास्तरांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. चांगल्या मोठ्या दालनात. काकू ठेवणीतले कपडे घालून गेल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी सगळी चित्रं एकत्र पाहिली.

पहिल्या भिंतीवर एक रिकामी खोली होती. शेजारच्या चित्रात तीच खोली. त्याच्या शेजारी तीच. काकूंना वाटलं, ही एक भिंत या खोलीसाठी असावी, पुढच्या भिंतीवर दुसरं काहीतरी असेल. पुढच्या भिंतीवरही तीच खोली होती. खुर्ची नाही, माणूस नाही, जमिनीवर साधी चपलेची जोडीसुद्धा नाही. एका चित्रात प्रकाश पिवळट, दुसऱ्यात निळसर, तिसऱ्यात राखेसारखा, एवढाच काय तो फरक. खिडकीबाहेर सगळीकडे पांढरं.

एक दाढीवाले गृहस्थ लोकांना चित्रं समजावून सांगत होते. "ही खोली जगात कुठेही नाही," ते म्हणाले. "ही मनातली जागा आहे. चित्रकार पुन्हा पुन्हा तिथे जातो आणि पुन्हा पुन्हा रिकाम्या हाताने परत येतो. हे रिकामेपण म्हणजेच त्याचा विषय आहे."

लोकांनी माना डोलावल्या. काकूही डोलावणार होत्या. तेवढ्यात त्यांची नजर सवयीने खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात गेली.

तिथे दांड्याच्या ब्रॅकेटसाठी पाडलेलं एक भोक होतं. त्याच्या खाली, जरा तिरकं, दुसरं. चुकलेलं. कोणीतरी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून ते बुजवलं होतं आणि लांबी वाळून मधोमध बसली होती. काकू पुढच्या चित्राकडे गेल्या. तिथेही दोन्ही भोकं. त्याच्या पुढच्यातही. त्यांनी अख्ख्या दालनाला एक फेरी मारली. भोक कुठेही हललं नव्हतं.

मनातल्या खोलीला लांबी भरलेलं भोक कसं असेल? माणूस मनाने खिडकी काढेल, भिंत काढेल. पण बुजवलेली चूक कोण मनाने काढतं?

म्हणजे खोली खरी होती. मास्तरांच्या वडिलांचं घर काकूंनी पाहिलं होतं, शाळा पाहिली होती, शेडला तर खिडकीच नव्हती. आयुष्यभराच्या सगळ्या खोल्या माहीत असताना ही एक माहीत नसलेली खोली आली कुठून? आणि तिथला सकाळचा उजेड माहीत, संध्याकाळचा माहीत. म्हणजे माणूस दिवसदिवस तिथे बसून असणार.

प्रदर्शनातून परतताना रिक्षात मास्तर म्हणाले, "कसं वाटलं?"

"बघतेय अजून," काकू म्हणाल्या.

मुलगी दुसऱ्या गावी असते. वर्षभर तिचा एकच धोशा होता, आई, तू इकडे राहायला ये, आता किती शिवत बसणार? जावयाने मशीनसाठी कोपरासुद्धा काढून ठेवला होता. काकू दरवेळी म्हणायच्या, "मग तुझ्या बाबांचं कोण करणार?" या वेळी मुलीने फोनवर तेच विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "बाबांचं करणारी कोणी आहे का, ते आधी बघते. असली तर मी येतेच. कायमची."

"आई! काहीतरीच काय बोलतेस! बाबा? त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही."

"चष्मा सापडत नसेल. खोली बरोबर सापडते."

दुसऱ्या दिवशी मास्तर डबा विसरले. विसरले म्हणजे काकूंनीच तो ओट्यावर मागे सरकवून ठेवला होता. दुपारी डबा घेऊन त्या शेडवर गेल्या. मास्तर एकटेच होते. समोर तीच खोली, अर्धी झालेली. ते भिंतीवर करडा रंग लावत होते, पातीने खरवडत होते, पुन्हा लावत होते. पाहून काढायला समोर ना फोटो, ना कागद. हात आपोआप चालत होता. न पाहता काढतात म्हणजे खोली पाठ झाली आहे. मुलीच्या जन्माची तारीख यांना कधी पाठ झाली नाही.

"अहो, सारखी हीच खोली का?"

"अजून नीट आली नाही."

"एवढ्या वेळा काढून?"

"हो ना," मास्तर म्हणाले, जणू हा प्रश्न त्यांनाही पडला होता.

"खिडकीबाहेर काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही कसं? रस्ता असेल, झाड असेल, कोणाची गॅलरी असेल."

"पांढरं आहे."

"कोणाची आहे ही खोली?"

मास्तरांनी ब्रश तेलात बुडवला, फडक्याला पुसला, पुन्हा बुडवला. मग म्हणाले, "जाऊ दे."

इतकी वर्षं संसार केलेला नवरा जेव्हा 'जाऊ दे' म्हणतो तेव्हा त्यात काहीही मावू शकतं. काकू डबा ठेवून निघाल्या. निघताना मोबाईलमध्ये चित्राचा फोटो काढायला विसरल्या नाहीत.

तो फोटो त्यांनी ड्रिलभाऊला दाखवला. हा त्यांचे दांडे बसवणारा माणूस. अंगावर धूळ, कानामागे पेन्सिल, आणि स्वतःच्या कामाबद्दल हळवा. काकूंचा अंदाज असा, की ही खिडकी आपल्याच एखाद्या गिऱ्हाइकाची असणार आणि भोक याने चुकवलेलं असणार.

"बघ रे, हे कोणाकडे पाडलंस?"

ड्रिलभाऊने फोटो मोठा केला, लांब धरला, जवळ आणला. "काकू, शिव्या द्या, पण असा आळ घेऊ नका. हे माझं नाही. हे ड्रिलचं भोकच नाही. खिळा ठोकून आधी भिंत फोडलीय, मग त्यात स्क्रू पिळलाय. कडा बघा ना कशा फुटल्यात. आणि लांबी बोटाने भरलीय. बोटाने!"

"मग कोणाचं काम हे?"

"पैसे घेणारा माणूस असं करत नाही. हे घरच्या माणसाचं काम. सुट्टीच्या दिवशी हातोडी घेतो आणि म्हणतो, मी आहे ना."

काकू मटकन स्टुलावर बसल्या. घरचा माणूस! म्हणजे नुसतं येणंजाणं नाही. तिच्या घरी खिळे ठोकण्यापर्यंत मजल गेली होती. इकडे स्वयंपाकघरातला दिवा गेला तर तीनदा सांगावं लागतं, शेवटी आपणच स्टुलावर चढावं लागतं. आणि तिकडे महाराज हातोडी घेऊन उभे!

"पाणी आणू का काकू?"

"नको. तुझं काम कर."

आता प्रश्न फक्त कोण एवढाच राहिला होता. मास्तरांची दोन चित्रं एकाच बाईने घेतली होती. दातांच्या डॉक्टरीणबाई. एकट्या राहणाऱ्या, नीटनेटक्या, हसल्या की गालाला खळी पडायची. त्यांच्या घराचे आणि दवाखान्याचे पडदे काकूंनीच शिवले होते. त्या टेप गळ्यात घालून तडक तिथे गेल्या.

"पडदे धुतल्यावर आटलेत का, ते बघायला आले. आम्ही नंतरही बघतो."

"अरे वा, इतकी काळजी! बघा ना काकू, सावकाश बघा."

काकूंनी सावकाश बघितलं. घरातली एकेक खिडकी पडदा सारून वरच्या कोपऱ्यापर्यंत पाहिली. सगळ्या खिडक्या रुंद, भोकं सरळ, लांबी कुठेच नाही. मग दवाखाना. तिथे वाट पाहायच्या बाकड्यांसमोर मास्तरांचं चित्र लावलेलं होतं. गाल धरून बसलेला एक माणूस त्या रिकाम्या खोलीकडे टक लावून पाहत होता.

"पेशंटना फार आवडतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बघायला काही नसतं ना, त्यामुळे घाबरत नाहीत."

"कोणाची खोली, काही बोलले का हो मास्तर?"

"मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, माझी."

"माझी?"

"हो. 'माझी खोली आहे,' म्हणाले. का, तुम्हाला नाही माहीत?" आणि त्या हसल्या. खळी पडली. पण त्या खळीत काकूंना कपट दिसेना, आणि तेच जास्त लागलं. बाहेरच्या बाईला माहीत असलेली गोष्ट आपल्याला माहीत नाही.

घरी येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं. बाई कोण, हे शोधत बसायची गरजच उरली नव्हती. नवऱ्याला स्वतःची खोली आहे, तो ती आपल्याला दाखवत नाही, बास झालं. त्याने त्याच्या खोलीत राहावं. आपण मुलीकडे जावं.

मोठी बॅग कापडाच्या खोलीत होती. ही घरातली मागची खोली. दार उघडलं की समोर मांडणी आणि मांडणीवर, खाली, बाजूला, जिथे तिथे ताग्यांवर तागे. आत शिरायला बोळासारखी वाट, आणि दिवसाही दिवा लावल्याशिवाय पाय ठेवता येत नसे. बॅग मांडणीच्या मागे, भिंतीला टेकून पडली होती. ती काढायची म्हणजे आधी तागे हलवायचे. काकूंनी पदर खोचला आणि रागारागाने एकेक तागा ओढून बाहेरच्या खोलीत नेऊन टाकला. जाड मखमल, जाळी, अस्तराचं पांढरं कापड, कोणीतरी पसंत करून न नेलेलं शेवाळी रंगाचं. मांडणी हलकी झाल्यावर खांदा लावून ती सरकवली.

मागे एक पडदा लटकत होता. पिवळी फुलं, कडा उसवलेली, चुण्या लहानमोठ्या. काकूंनी तो ओळखला. त्यांनी स्वतःच्या घरासाठी शिवलेला पहिला पडदा. इथे खिडकी आहे, हे त्या पार विसरून गेल्या होत्या. धूळ नाकात गेली, शिंक आली. शिंकता शिंकता त्यांनी पडदा ओढला, तो जुन्या दांड्यासकट खाली आला.

खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात दोन भोकं होती. एक बरोबर. दुसरं खाली, जरा तिरकं, बोटाने बुजवलेलं.

काकूंनी काचेतून बाहेर पाहिलं. हातभर अंतरावर शेजारच्या घराची चुन्याने रंगवलेली भिंत. पांढरी. दुसरं काही नाही.

मग एकेक आठवत गेलं. हे घर घेतलं तेव्हा ही खोली मास्तरांची ठरली होती. चित्रांसाठी. पहिले काही महिने ती रिकामीच होती आणि मास्तर शाळेतून आले की जमिनीवर भिंतीला टेकून बसायचे. कॅनव्हासला पैसे नव्हते, पण बसायचे. काकूंनी हौसेने पडदा शिवला, मास्तर म्हणाले, इथे पडदा कशाला? तरी हट्टाने लावायला लावला. हातोडीचा आवाज आठवला. आपण ओरडल्याचं आठवलं. "पडदा लागला की कोणाला दिसतंय?" असं ते म्हणाल्याचंही. मग एका हॉटेलची मोठी ऑर्डर आली. काकू म्हणाल्या होत्या, तागे थोडे दिवस इथे ठेवते, ऑर्डर गेली की तुमची खोली तुम्हाला. ऑर्डर गेली. दुसरी आली. मांडणी आली.

साऱ्या गावाच्या उघड्या खिडक्या त्यांनी पाहिल्या होत्या. स्वतःच्या घरातली मात्र त्यांनीच कापडाने बुजवली होती.

मास्तर आले तेव्हा बाहेरची खोली ताग्यांनी भरली होती आणि काकू आत जमिनीवर उघड्या बॅगेशेजारी बसल्या होत्या. बॅगेत कपडे भरलेले होते.

"कुठे निघालीस?"

"आधी सांगा. ते भोक तुमचं ना?"

मास्तरांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. "हो. तू ओरडली होतीस."

"मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"काय बोलणार? त्या कापडावर घर चाललं होतं. कापड हलव म्हणून कोणत्या तोंडाने सांगू?"

"म्हणून असं सांगितलंत? चारचौघांत? हॉल भरून?" काकूंचा आवाज चढला. "अहो, बाई असती तर तिच्या दारात जाऊन भांडले असते! आता माझ्याच ताग्यांशी भांडू? प्रत्येक चित्रात मी नाही, मशीन नाही, कापडाची चिंधी नाही. सगळं झाडून काढलंत. एवढे नकोसे झालो होतो आम्ही?"

"तक्रार नव्हती ती," मास्तर म्हणाले. ते उंबऱ्यातच उभे होते. पाय आत टाकावा की नाही हे ठरत नसल्यासारखे. "खोली चांगली होती. तेवढंच."

"आणि मी?"

"तू बाहेर असायचीस. मशीनवर. मी इथे बसायचो आणि तुझ्या मशीनचा आवाज यायचा. म्हणून तर बसावंसं वाटायचं. तो यायला हवा चित्रात. येत नाही. आवाज कसा काढायचा, तेच जमत नाही. म्हणून पुन्हा काढतो."

काकूंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हे खरं की बॅग पाहून आत्ता सुचलेलं? दुसऱ्या कोणाला तो चेहरा कदाचित वाचता आला असता. काकूंना चेहरे कधी कळलेच नाहीत.

"बघू," त्या म्हणाल्या आणि बॅगेची चेन लावून टाकली.

खोली रिकामी झाली. मास्तरांनी शेड सोडली आणि कॅनव्हास टेकवायचा लाकडी घोडा इथे आणून उभा केला. तागे बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून उभे राहिले, जेवायला बसायचं म्हणजे मखमल सरकवावी लागे. तंतू चिकटू नयेत म्हणून मास्तरांना दार लावून घ्यायचं होतं. काकू म्हणाल्या, "चार बोटं उघडं राहील. तंतू चिकटले तर चिकटू देत." कपड्यांनी भरलेली बॅग त्यांनी आत नेली नाही. बाहेरच्या दाराशीच ठेवली. मुलीने फोनवर विचारलं, "मग येतेस ना?" तर म्हणाल्या, "अजून माझी खात्री झालेली नाही."

काही दिवस आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मग पातीने खरवडल्याचा आवाज यायला लागला. काकू बाहेर शिवत बसत आणि कान आत लावून ठेवत.

एका दुपारी लांबलचक पडद्याची कड शिवता शिवता त्यांनी पाय अचानक पेडलवरून उचलला. सुई वर आली आणि थांबली. घर एकदम शांत झालं. काकू हात मांडीवर ठेवून, श्वाससुद्धा रोखून बसल्या. आत खर्र खर्र चालू होतं. चालूच राहिलं. काकूंनी दाराजवळच्या बॅगेकडे पाहिलं.

मग खर्र थांबलं.

"का गं?" आतून आवाज आला. "थांबलीस का? दोरा तुटला का?"

काकूंनी कापड नीट केलं, सुईखाली सरळ घेतलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तपासत होते."

"काय?"

"मशीन," काकू म्हणाल्या, आणि पेडल दाबलं.